साबण न होणारी चरबी

खोबरेल तेलात कॉस्टिक सोडा घातला की साबण होतो, कारण मेदाम्लांना ग्लिसेरॉलशी बांधणारा एस्टर बंध अल्कलीपुढे टिकत नाही. शार्कच्या यकृताच्या तेलावर हाच प्रयोग केला तर एक भाग साबण व्हायला नकार देतो. १९२२ च्या सुमारास जपानच्या त्सुजिमोतो आणि तोयामा यांनी या हट्टी उरलेल्या भागातून बाटिल आणि सेलाकिल अल्कोहोल वेगळे केले. यांत कार्बनची साखळी ग्लिसेरॉलला ईथर बंधाने जोडलेली असते. एस्टरमध्ये जोडाला लागून कार्बोनिल गट असतो आणि अल्कली किंवा लायपेज विकर घाव घालते ते त्याच्यावरच. ईथरमध्ये तो गटच नाही. ईथर लिपिडांची उपयुक्तता आणि त्यांची अडचण, दोन्ही या एका उणिवेतून येतात.

उकळत्या, आम्लधर्मी झऱ्यांत राहणाऱ्या आर्किया या सूक्ष्मजीवांचे पेशीपटल ईथर लिपिडांचे असते, हा नेहमीचा दाखला. पण थंड समुद्रातल्या आर्कियांतही तीच लिपिडे आहेत आणि गरम झऱ्यांतले कितीतरी जीवाणू एस्टरवर भागवतात. म्हणजे ईथर ही उष्णतेसाठीच झालेली सोय, असे म्हणता येत नाही. टिकाऊपणाचा भक्कम पुरावा समुद्रतळाच्या गाळात आहे. तिथे या लिपिडांचे सांगाडे कोट्यवधी वर्षे टिकतात आणि त्यांतल्या कड्यांच्या प्रमाणावरून प्राचीन समुद्राचे तापमान काढण्याची पद्धत २००२ मध्ये मांडली गेली. आता आक्षेप येईल तो मेंदूत आणि हृदयात भरपूर असणाऱ्या प्लाझ्मालोजेनचा. तेही ईथर लिपिडच, पण सौम्य आम्लानेही फुटते. त्याच्या ईथर बंधाला खेटून दुहेरी बंध असतो आणि तोच घात करतो. नुसत्या नावावर भरवसा ठेवू नये, शेजार पाहावा.

सौंदर्यप्रसाधनांत हा टिकाऊपणा निर्विवाद कामाचा आहे. पाणी असलेल्या क्रीममध्ये एस्टर हळूहळू फुटू शकतो; परिरक्षकाला जोड म्हणून वापरले जाणारे एथिलहेक्सिलग्लिसरिन ईथर असल्याने तग धरते. ते कारखान्यातच बनते, शार्कची गरज नाही. (यकृताच्या तेलाच्या कॅप्सूलवर छापलेल्या दाव्यांना मात्र पुराव्याचा आधार तोकडा आहे.) शरीराच्या आत हिशेब बदलतो. एडेलफोसिन या कर्करोगविरोधी ईथर लिपिडावरच्या संशोधनातून, ग्लिसेरॉलही वगळून, मिल्टेफोसिन तयार झाले. काटेकोरपणे ते ईथर नव्हे, पण लायपेजने तोडावा असा एस्टर त्यातही नाही. २००२ मध्ये भारतात मंजूर झालेले काला आजाराचे हे पहिले तोंडी औषध. बिहारच्या खेड्यांत इंजेक्शनशिवाय उपचार ही मोठीच सोय होती. पण औषध शरीरातून जायला आठवडे लागतात. तेवढा काळ परजीवी त्याच्या अपुऱ्या मात्रेत राहतात, त्यामुळे प्रतिकाराची भीती वाढते. गर्भाला धोका असल्याने उपचारानंतरही काही महिने गर्भधारणा टाळावी लागते. पुढे आजार उलटण्याचे प्रमाणही वाढले आणि भारताने अँफोटेरिसिनच्या एकाच मात्रेकडे मोहरा वळवला. ते औषध ज्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेले असते, त्यांची फॉस्फोलिपिडे साध्या एस्टर बंधाचीच आहेत.