बंद पडलेल्या मालाला नवे गिऱ्हाईक : जर्मेनियम ट्रान्झिस्टरची खरेदी

ज्या मालाचे कारखाने बंद झाले, ज्याच्यापेक्षा चांगला आणि स्वस्त माल केव्हाच बाजारात आला, त्या जुन्या मालाला पन्नास-साठ वर्षांनी मूळ किमतीच्या कित्येक पट दाम यावा, असे व्यापारात क्वचितच घडते. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या बाबतीत ते घडले आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी हे ट्रान्झिस्टर डब्यात टाकून दिले होते. आज त्यांचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे गिटार वाजवणारे, आणि त्यांच्यासाठी ‘फझ पेडल’ नावाची लहानशी पेटी बनवणारे कारागीर. इंग्लंड-अमेरिकेत अशा कारागिरांची एक वेगळी पेठच उभी राहिली आहे. एकट्या माणसाने टेबलावर बसून चालवलेल्या कारखानदारीपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सगळे या पेठेत आहेत, आणि सगळ्यांची अडचण एकच आहे : कच्चा माल नव्याने बनत नाही, जुन्या साठ्यातून वेचावा लागतो.

फझ पेडल म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. गिटारवाला ही पेटी पायाशी ठेवतो. पायाने बटण दाबले की विजेच्या गिटारचा स्वच्छ सूर फाटका, भुंग्यासारखा घरघरता होतो. आपल्या कानाला तो बिघाड वाटेल, आणि त्याचा जन्म झालाही बिघाडातूनच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. यंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्स यांच्या मदतीने तोच आवाज काढणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने ते विक्रीस काढले. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल, बस्स. सुरुवातीला दुकानदारांनी माल उचलला, पण गिऱ्हाईक फिरकेना. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात कीथ रिचर्ड्स यांनी ही पेटी वापरली आणि वर्ष संपण्यापूर्वी साठा उडाला. तीन वर्षे फळीवर पडून राहिलेल्या मालाचे नशीब एका गाण्याने पालटले!

त्याच १९६५ साली लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी ‘टोन बेंडर’ बनवला. १९६६ मध्ये आयव्हर आर्बिटर यांच्या कंपनीने ‘फझ फेस’ आणला. मायक्रोफोनच्या स्टँडचा गोल पाया असतो, त्या घाटाची ही पेटी. आत दोनच ट्रान्झिस्टर, आणि बाकीचे सुटे भाग बोटांवर मोजता येतील इतके. जिमी हेंड्रिक्स यांच्यामुळे तिचे नाव जगभर झाले. आज जुन्या मालामागे धावणारे बहुतेक कारागीर याच दोन-तीन पेट्यांच्या नकला बनवतात.

जर्मेनियमच का?

पहिला ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बनला, तो जर्मेनियम या धातूसदृश पदार्थाचा. १९५० च्या दशकातले खिशात मावणारे रेडिओ त्यावरच चालले. पुढे सिलिकॉन आले. ते उष्णता सोसते, वीज गळू देत नाही, आणि एका घाण्यातले सर्व नग जवळजवळ सारखे निघतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फझ फेसमध्येसुद्धा सिलिकॉन बसू लागले. पाश्चात्त्य कारखान्यांनी हळूहळू जर्मेनियम बंद केले. सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात ते आणखी बरीच वर्षे बनत राहिले, आणि ही गोष्ट आजच्या खरेदीदाराच्या पथ्यावर पडली आहे.

सिलिकॉनचा फझ अधिक टोकदार, कडक वाटतो. जर्मेनियमचा मऊ. शिवाय गिटारवरचा आवाज थोडा उतरवला की चांगल्या जर्मेनियम पेटीतून सूर पुन्हा जवळजवळ स्वच्छ येतो. वादक दाम मोजतात ते यासाठी. पण खादी जशी दोन ताग्यांत एकसारखी मिळत नाही, तसे जर्मेनियमचे आहे. एकाच कारखान्याच्या, एकाच क्रमांकाच्या दोन नगांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. १९६० च्या दशकात कारखान्यांनी हाताला येतील ते नग बसवले. म्हणून त्या काळची एक फझ फेस अप्रतिम आणि शेजारची रद्दी, असा अनुभव येतो.

कोणत्या नावाला किती मान

युरोपच्या मालावरचा क्रमांक वाचता आला तर अर्धे काम होते. १९६६ नंतरच्या युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर ‘ए’ असेल तर जर्मेनियम, ‘बी’ असेल तर सिलिकॉन. दुसरे अक्षर ‘सी’ म्हणजे आवाजाच्या कामाचा लहान ट्रान्झिस्टर, ‘डी’ म्हणजे मोठ्या ताकदीचा, ‘एफ’ म्हणजे रेडिओ लहरींचा. तेव्हा एसी १२८ हे नाव स्वतःच आपली जात सांगते. त्याआधीच्या मलार्डच्या मालावर ओसी ७१, ओसी ७५, ओसी ४४ असे क्रमांक असतात. हे काचेच्या नळीतले, वरून काळा रंग दिलेले. ओसी ७१ चा रंग खरवडला की तो उजेड ओळखू लागे, आणि कंपनीचा महागडा उजेड-ट्रान्झिस्टर घेण्याऐवजी हौशी मंडळी हेच करीत! अमेरिकन ‘२एन’ क्रमांकावरून मात्र जर्मेनियम की सिलिकॉन ते कळत नाही, तक्ता पाहावाच लागतो.

सर्वांत मोठे नाव एनकेटी २७५ चे. इंग्लंडमध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यूमार्केट गावी पाय कंपनीच्या मालकीचा ट्रान्झिस्टरचा कारखाना होता. त्याचा हा माल पहिल्या फझ फेसमध्ये बसला. जिथे नावाला इतका दाम, तिथे नकली शिक्का आलाच. दुसऱ्याच ट्रान्झिस्टरवर हा क्रमांक छापून विकल्याच्या तक्रारी या पेठेत जुन्या आहेत. माझ्या मते नवख्याने या नावाच्या मागे लागूच नये. नीट वेचलेला एसी १२८ किंवा बिननावाचा रशियन नग तोच आवाज देतो. नावाचे पैसे विकत घेणाऱ्याकडून वसूल होतीलच, याची हमी कोणी देत नाही.

रशियन मालात एमपी ३९ ते एमपी ४२ आणि जीटी ४०२ ही नावे दिसतात. काही नगांवर लहानसा चौकटसारखा शिक्का असतो. तो लष्करी तपासणीतून पास झाल्याची खूण. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला आणि गोदामांतला असा न वापरलेला माल खोकी भरून पश्चिमेकडे आला. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर मोठ्या पाश्चात्त्य कार्ड कंपन्यांनी रशियातले काम थांबवले. त्यामुळे तेथून थेट माल घेणे कठीण झाले आणि पूर्वी बाहेर पडलेल्या साठ्यावर भिस्त आली. चेकोस्लोव्हाकियाची टेस्ला आणि हंगेरीची तुंग्सराम यांचाही माल फिरतो. अमेरिकेत जुन्या संगणकांच्या पट्ट्यांवरून २एन४०४ सारखे नग उपसून विकतात. त्यांचे पाय आखूड असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि हो, जर्मेनियम धातूवर चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून निर्यात परवान्याची अट घातली तेव्हा काही विक्रेत्यांनी तीच सबब पुढे केली तर नवल नाही. पण जुन्या ट्रान्झिस्टरात धातूचा कणच असतो, आणि तो साठ वर्षांपूर्वीच खरेदी झालेला. अशा सबबीवर भाव वाढवून देऊ नये.

पारख कशी करावी

पहिली पारख खऱ्या-खोट्याची. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बेस आणि एमिटरमध्ये लावावा. जर्मेनियम असेल तर आकडा ०.१ ते ०.३ व्होल्टच्या आसपास येतो, सिलिकॉन असेल तर ०.५५ ते ०.७. वर काहीही छापलेले असो, हा आकडा खोटे बोलत नाही.

दुसरी पारख गळतीची, आणि खरा तोटा इथेच होतो. जर्मेनियममधून बेसला काही न देताही थोडी वीज वाहत राहते. साधा मल्टिमीटर बेसला सुमारे १० मायक्रोअँपिअर देतो आणि पलीकडे जे वाहील त्यावरून ‘गेन’ सांगतो. समजा खरा गेन ८० आहे आणि गळती २०० मायक्रोअँपिअर. मीटरला ८०० ऐवजी १,००० दिसतात आणि तो गेन १०० दाखवतो. म्हणजे नग जितका खराब, तितका आकडा देखणा! विक्रेत्याने ‘गेन इतका’ असे लिहिले असेल तर तो गळती वजा करून आहे का, हे आधी विचारावे.

अमेरिकेतील आर. जी. कीन यांनी सांगितलेली रीत बहुतेक कारागीर वापरतात. पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडायचा आणि कलेक्टर २,४७२ ओहमच्या रोधातून ऋण टोकाला. हा रोध २,४०० आणि ७२ अशा दोन तुकड्यांतून जुळवता येतो. बेस मोकळा ठेवून रोधावरचा व्होल्ट वाचायचा. ती गळती. मग बेसला २२ लाख ओहमच्या रोधातून ऋण टोक द्यायचे आणि पुन्हा वाचायचे. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करून शंभराने गुणले की खरा गेन. उदाहरणार्थ, पहिला ०.२५ आणि दुसरा १.०५ आला तर गेन ८०, आणि गळती सुमारे १०० मायक्रोअँपिअर. १०० पर्यंतचा नग उत्तम, २०० पर्यंतचा बऱ्याचदा चालतो, ३०० च्या पुढचा फझ फेससाठी बाजूला. पहिल्या जागी गेन ७०-८० आणि दुसऱ्या जागी ११०-१३०, अशी जोडी कीन सुचवतात.

नग हातात धरून लगेच मोजू नये. बोटांच्या उबेनेही आकडा चढतो. मिनिटभर टेबलावर थंड होऊ द्यावा. गळती साधारण दर १० अंशांना दुप्पट होते. याचा आपल्याकडच्या खरेदीदाराला थेट फटका बसतो. इंग्लंडच्या थंड खोलीत २० अंशांवर १०० मोजलेला नग मे महिन्याच्या मुंबईत ३० अंशांवर २०० दाखवील. विक्रेत्याने फसवले नाही, हवेने फसवले. तेव्हा कोणत्या तापमानाला मोजले हे विचारावे आणि आपल्या हवेसाठी कमी गळतीचाच माल मागावा.

लॉटचा हिशोब

समजा १०० नग न तपासलेले, ६० रुपयांप्रमाणे घेतले. टपाल व जकात मिळून १,५०० धरू. एकूण ७,५००. त्यातले ३० फझ फेसच्या लायकीचे निघाले, तर नग २५० ला पडला, ६० ला नव्हे. त्या तिसांतून वर सांगितलेल्या मापाच्या १० जोड्या जमल्या, तर जोडी ७५० ला. प्रत्येक नगाला दोन मिनिटे धरली तरी तपासणीला सव्वातीन तासांहून जास्त जातात, ती मजुरी वेगळी. आता कोणी तपासलेली जोडी ९०० ला देत असेल आणि आपल्याला दोनच पेट्या बनवायच्या असतील, तर लॉट घेणे हा तोट्याचा सौदा आहे. पन्नास बनवायच्या असतील तर गोष्ट निराळी.

मात्र उरलेले ८० नग म्हणजे चिंध्या नव्हेत. टोन बेंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिला ट्रान्झिस्टर गळतीवरच उभा राहतो. तिथे अगदी कोरडा नग बसवला तर पेटी खुरडत वाजते. एका पेटीचा बाद माल दुसऱ्या पेटीत अस्सल ठरतो. कमी गेनचे नग डायोड म्हणून खपतात. जो कारागीर एकच नमुना बनवतो, त्याला लॉट महाग पडतो. तीन-चार नमुने बनवणाऱ्याला तोच लॉट स्वस्त.

एएफ ११४ ते एएफ ११७ हे नग मात्र फुकट मिळाले तरी सांभाळून घ्यावेत. त्यांच्या डबीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या तारेला चिकटून नग निकामी करतात. न वापरता ठेवलेल्या मालातही हे होते.

बहुतेक जुना माल पीएनपी आहे. त्याच्या पेटीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते, म्हणून ती इतर पेट्यांबरोबर एकाच अडॅप्टरवर चालत नाही. एनपीएन जर्मेनियमला, म्हणजे एसी १२७, २एन१३०४, रशियन एमपी ३८ यांना यामुळे वेगळी मागणी असते.

आपल्याकडचा साठा म्हणाल तर बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली, आणि एसी १२७, एसी १२८ हे क्रमांक इथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानांत, चोर बाजारात किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी वयस्क मेकॅनिककडे चौकशी करायला खर्च येत नाही. चालू रेडिओ मात्र दोन नगांसाठी फोडू नये. रेडिओचीच किंमत जास्त येते. डबा सापडला तर मीटर आणि बॅटरी बरोबर न्यावी, आधी दहा नग मोजावेत, आणि दहांतले चार बरे निघाले तरच डब्याचा भाव विचारावा.