एक कांजी, बारा उच्चार

तोक्योतल्या इझाकायात, म्हणजे कामावरून सुटलेली मंडळी खाण्यापिण्यासाठी जिथे बसतात तिथे, भिंतीवरच्या दरपत्रकात एक कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी खूण, हमखास दिसते. तीन आडव्या रेघा, सर्वांत खालच्या रेघेवर टेकलेली एक उभी रेघ आणि डावीकडे छोटा तिरका फटकारा. एकूण पाच रेघा. इथे तिचा उच्चार 'नामा' आणि अर्थ पिंपातून थेट पेल्यात ओतलेली ताजी बिअर. हीच कांजी 'सेन्सेई'मध्ये 'सेई' होते. वाढदिवसाला 'तांजोबी' म्हणतात, त्यात ती 'जो' होते. आणि अकिरा कुरोसावा यांच्या १९५२ च्या 'इकिरु' या चित्रपटाच्या नावात तिचा उच्चार उरतो फक्त 'इ'.

हे उच्चार परस्परांपासून कितीही लांब वाटले तरी अर्थाचं मूळ एकच आहे. चीनमध्ये तीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर कोरलेल्या लिपीत ही खूण म्हणजे जमिनीतून वर येणारा कोंब होता. उगवणं, मग जन्मणं, मग जगणं असा तिचा अर्थ पसरत गेला. जे अजून शिजलेलं नाही, ज्यावर प्रक्रिया झालेली नाही, तेही याच कांजीत आलं. म्हणून कच्चं अंडं 'नामा तामागो'. कच्चं रेशीम मात्र 'किइतो', इथे उच्चार 'कि'. याच कच्च्या रेशमाच्या निर्यातीवर मेइजी काळातल्या जपानने परकीय चलन कमावलं आणि त्यासाठी १८७२ मध्ये तोमिओकाची गिरणी उभारली.

'सेन्सेई'चा शब्दशः अर्थ 'आधी जन्मलेला'. आपल्याकडचा 'अग्रज' अगदी याच बांधणीचा आहे.

पण एका खुणेला इतके उच्चार का? याचं उत्तर मराठी माणसाच्या रोजच्या लिहिण्यातच आहे. शाळेच्या पाटीवर '१ली' लिहिलेलं असतं आणि आपण 'एकली' न वाचता 'पहिली' वाचतो. '४था' दिसलं की तोंडातून 'चौथा' येतं. आकडा अर्थ सांगतो आणि त्याला जोडलेलं 'ली' किंवा 'था' उच्चाराची वाट दाखवतं. जपानी लिपीत नेमकं हेच घडतं. या कांजीपुढे 'किरु' ही काना, म्हणजे फक्त उच्चार दाखवणारी जपानी अक्षरं आली की वाचायचं 'इकिरु', जगणं. 'मारेरु' आलं की 'उमारेरु', जन्मणं. 'एरु' आलं की 'हाएरु', उगवणं. या शेपटीला 'ओकुरिगाना' म्हणतात.

हे झाले अस्सल जपानी शब्दांचे उच्चार. त्यांना 'कुन्योमी' म्हणतात. जपानी भाषा आधीपासून बोलली जात होती. चिनी खुणा तिच्यावर नंतर बसवल्या गेल्या. खुणांबरोबर चिनी उच्चारही आले, ते 'ओन्योमी'. तेही एका खेपेत आले नाहीत. साधारण पाचव्या-सहाव्या शतकात दक्षिण चीनकडचा जुना उच्चार आला, तो 'शो'. पुढे तांग राजवटीच्या काळात राजदूत आणि भिक्षू चांगआन या राजधानीतला उच्चार घेऊन परतले, तो 'सेई'. बौद्ध शब्दांनी जुना उच्चार धरून ठेवला. संस्कृत 'सत्त्व', म्हणजे सजीव प्राणी, यासाठी कुमारजीवाने इ.स. ४०६ मधल्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चिनी अनुवादात जो शब्द वापरला, तो जपानीत आजही 'शुजो' असाच वाचतात. त्यातला 'जो' म्हणजे आपला 'शो'च, जोडशब्दात मऊ झालेला. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएनत्संगने 'सत्त्व'साठी पुढे वेगळा शब्द निवडला, त्यात ही कांजी नाही.

जपानमधली मुलं ही कांजी पहिलीतच शिकतात. त्या वर्षीच्या ८० कांजींत ती असते. सरकारमान्य 'जोयो' यादीत २,१३६ कांजी आहेत. त्या यादीत हिच्यापुढे बारा उच्चार दिले आहेत, दोन चिनी आणि दहा जपानी. याहून जास्त उच्चार यादीतल्या दुसऱ्या कोणत्याही कांजीला नाहीत. तरीही हिरवळीला 'शिबाफु' म्हणतात त्यातला 'फु' या बारांत बसत नाही. तो शब्द अपवादांच्या वेगळ्या तक्त्यात द्यावा लागला आहे.

पुण्या-मुंबईत जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी अनेकदा हे बाराही उच्चार एका दमात पाठ करायला बसतात. ती मेहनत वाया जाते. जपानी मूलसुद्धा यादी घोकत नाही. त्याला 'सेन्सेई' आणि 'तांजोबी' कानाने आधीच माहीत असतात, कांजी त्यांच्यावर नंतर येऊन बसते. आपल्याकडे तो कान तयार नसतो, म्हणून तर शब्दच आधी शिकायला हवेत. 'गाकुसेई' म्हणजे विद्यार्थी, 'जिन्सेई' म्हणजे आयुष्य, 'इश्शो' म्हणजे सारा जन्म. वहीचं एक पान एकाच कांजीला द्यावं आणि वाचनात भेटलेला प्रत्येक शब्द पूर्ण वाक्यासकट तिथे उतरवावा. महिन्याभरात चार-पाच उच्चार न घोकता जिभेवर बसतात. 'ओउ'सारखा क्वचित भेटणारा उच्चार भेटेल तेव्हा शिकता येतो.

विशेषनामांपुढे मात्र कोणतीच युक्ती चालत नाही. २०१४ आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकणारा युझुरु हान्यू आणि १९९६ मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळाचे तेव्हाचे सातही किताब एकाच वेळी स्वतःकडे राखणारा योशिहारु हाबु, या दोघांची आडनावं एकाच दोन कांजींनी लिहितात, आणि त्यातली दुसरी कांजी हीच. लिहिलेल्या आडनावावरून हान्यू की हाबु हे जपानी माणसालाही सांगता येत नाही. म्हणूनच जपानमधल्या बहुतेक अर्जांवर नावाच्या रकान्याला लागून एक अरुंद ओळ छापलेली असते, 'फुरिगाना'साठी. तिथे प्रत्येकजण आपल्या नावाचा उच्चार काना अक्षरांत स्वतः लिहून देतो.