गरोदरपणातला दमसास
देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनाला चढताना गरोदर बाईला धाप लागली, की घरची माणसं काळजीने म्हणतात, "हिची ताकद गेली, आता बसूनच राहू दे." धार-देवासच्या मराठी घरांतही हा समज आढळतो. तो बरोबर नाही.

एरोबिक क्षमता (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ते माप) लिटरमध्ये मोजली तर निरोगी गरोदरपणात फारशी घटत नाही. वजनाच्या दर किलोमागे काढली की कमी दिसते, कारण वजनच वाढलेले असते. बैलजोडी तीच, गाडीत पोती जास्त. घाटात वेग मंदावणारच. शिवाय प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारे संप्रेरक) श्वास खोल करते, म्हणून पोट दिसण्याआधीही धाप जाणवते.

नाडी तर बसल्या जागीही मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते. म्हणून केवळ नाडीवरून श्रम मोजणे फसवे ठरते. १४० ठोक्यांची मर्यादा अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये घातली आणि १९९४ मध्ये काढलीही. त्यापेक्षा साधी कसोटी भरवशाची: चालताना सहज बोलता आले पाहिजे. डॉक्टरांची मनाई नसेल, तर असा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटे करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बसल्या बसल्या दम लागणे, छातीत दुखणे, चक्कर किंवा रक्तस्राव मात्र अंगावर काढू नये. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले, तरीही धाप लागू शकते. दर महिन्याच्या ९ तारखेला ठरलेल्या सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे ते तपासून घ्यावे.