एका वाड्यात दोन बिऱ्हाडं

मंडळी, वाड्यात पोटभाडेकरू ठेवावा, तसा एका संगणकात दुसरा संगणक ठेवता येतो. बाहेरचा खरा, लोखंडाचा. आतला नुसता सॉफ्टवेअरनं उभा केलेला. त्याला आभासी यंत्र म्हणतात. २००६ साली ॲपलच्या मॅकमध्ये इंटेलची चिप आली, आणि मॅकच्या पोटात विंडोज चांगलं चालू लागलं. आमच्या निकालपत्रकाचा प्रोग्राम विंडोजवरचाच, म्हणून मीही असं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. एकदाच पैसे, प्रत कायमची, असा सौदा होता.

पण मॅकची मूळ प्रणाली दर वर्षी, गणपती ते दिवाळीच्या दिवसांत, नवी निघते. आतलं बिऱ्हाड तर तिच्या पायातच रोवलेलं. पाया हलला, की दार लागेना! दुरुस्ती कुठं? पुढच्या आवृत्तीत, आणि तिचे पैसे वेगळे. कारागीर वर्षभर राबतात, त्यांचा मेहनताना मला मान्य आहे. राग आहे तो 'कायमची' या शब्दाचा.

मग वाट काय? व्हर्च्युअलबॉक्स २००७ पासून फुकट मिळतो. व्हीएमवेअर फ्यूजनही नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांना मोफत झालं. मात्र २०२० पासून ॲपलनं स्वतःची चिप बसवायला सुरुवात केली. तिच्यावर एआरएम जातीचं विंडोज लागतं, तेवढं आधी पाहा. आणि नवी प्रणाली आली, की त्याच दिवशी बटण दाबू नका. आधी आतल्या बिऱ्हाडाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.