नऊ तारखेची तपासणी

मेळघाटातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर ९ तारखेस सकाळपासूनच गरोदर स्त्रियांची हजेरी लागते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानान्वये दरमहा या तारखेस डॉक्टरांकडून त्यांची तपासणी व्हावी, असा दंडक आहे. आशाताईंनी घरोघर वर्दी देऊन, कोणाच्या सासूची समजूत घालून, कोणाची बुडणारी मजुरी ध्यानात घेऊन तिच्या नवऱ्याशी बोलून त्यांना येथवर आणलेले असते, आणि या कार्याचा निम्मा भार त्या पायपिटीनेच उचललेला असतो.

आत नर्सबाई वजन घेतात, रक्तदाब पाहतात, बोट टोचून हिमोग्लोबिन तपासतात, आणि पोटावर टेप धरून गर्भाशयाची उंची मोजतात. चोविसाव्या आठवड्यानंतर ही उंची सेंटिमीटरांत जितकी भरते, तितकेच बहुधा गर्भाचे आठवडे असतात, व ती मागे पडल्यास बाळाची वाढ खुंटल्याचा संशय घ्यावा लागतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आले की नर्सबाई लोहाच्या गोळ्या हाती देत बजावतात, “चहासोबत घेऊ नको, पोरी, गोळी अंगी लागत नाही.” प्रत्येक आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर चढतो, कारण मागील महिन्याच्या नोंदीशेजारी मांडल्यावाचून त्याचा पुरता अर्थ उमगत नाही.

एका पहिलटकरणीचा रक्तदाब १५०/१०० भरला. नर्सबाईंनी तिला स्वस्थ बसवून पुन्हा मोजला. तो उतरला नव्हता, आणि लघवीतही प्रथिने आढळली. “डोकं दुखतं का? डोळ्यांपुढं अंधारी येते का?” त्यांनी विचारले. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने उतरण्याच्या या विकारात वारेतून गर्भाला मिळणारे रक्त अपुरे पडते, बाळ अशक्त राहते, आणि कित्येकदा आईचा जीव राखण्यासाठी त्याला अकालीच जन्म द्यावा लागतो. असा प्रसंग चौतिसाव्या आठवड्याआधी ओढवणार हे वेळीच कळले, तर आईला दिलेली डेक्सामेथासोनची इंजेक्शने बाळाची कोवळी फुप्फुसे श्वासासाठी सिद्ध करतात. या उपचाराचा पाया ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने घातला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, गाडी बोलावली, आणि आशाताईंच्या सोबतीने तिची धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात रवानगी केली.

नवजात बालकाच्या मृत्यूची तारीख दप्तरात जन्मानंतरची पडते, परंतु त्याची कारणे पुष्कळदा गर्भातच रुजलेली असतात. म्हणूनच मोजमापाइतकीच त्यापुढील तजवीज महत्त्वाची: गाडी वेळेवर यावी, पुढच्या रुग्णालयात रक्त आणि तज्ज्ञ डॉक्टर हजर असावेत. ही तजवीज दुर्गम गावातील मातेपर्यंत पोहोचवणे हे शासनाचे आणि समाजाचे आद्य कर्तव्य होय.