गावरान कोंबडीचा वंश आणि यवतमाळची पोडे

यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या खोऱ्यांतील केळापूर, झरी जामणी, मारेगाव आणि घाटंजी या तालुक्यांमध्ये कापूस-तुरीच्या शेतांना आणि जंगलाला लागून कोलाम समाजाच्या लहान वस्त्या आहेत, ज्यांना पोड असे म्हणतात. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या आदिवासी समूहांत कोलामांचा समावेश असून, त्यांच्या आणि शेजारच्या गोंड कुटुंबांच्या अंगणात फिरणारी गावरान कोंबडी ही देवकार्याला लागणारी, पाहुण्यासाठी कापली जाणारी आणि अडीअडचणीला आठवडी बाजारात विकली जाणारी अशी मालमत्ता आहे. तिची देखभाल बहुधा घरातील स्त्रीकडे असते.

देशी कोंबड्यांच्या जातींची अधिकृत नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ठेवतो. त्या यादीतील सुमारे वीस जातींत झुंजीसाठी जोपासलेला, ताठ मानेचा आणि घट्ट स्नायूंचा असील आहे, झाबुआ परिसरातील काळ्या मांसाचा कडकनाथ आहे आणि नंदुरबार-धुळे व लगतच्या गुजरातेत आढळणारी बुसरा ही महाराष्ट्राशी निगडित जातही आहे. परंतु यवतमाळच्या गावरान कोंबडीची स्वतंत्र जात म्हणून तेथे नोंद नाही. नोंद नसली म्हणजे गुण नाहीत असे मात्र नव्हे. विदर्भातील कडक उन्हाळा, घार आणि मुंगूस यांची धास्ती आणि घरातून मिळणारे मूठभर दाणे एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या तगलेल्या पक्ष्यांमध्ये जी निवड आपोआप घडली, ती कोणत्याही प्रयोगशाळेला अल्पावधीत घडवता येणारी नाही.

या निवडीतून टिकलेला सर्वांत मोलाचा गुण म्हणजे खुडूक बसणे, अर्थात अंडी घालून झाल्यावर मादीने ती सोडून न देता अंगाखाली घेऊन उबवणे. गावरान कोंबडी एका वेळी साधारण दहा-बारा अंड्यांवर २१ दिवस बसते आणि नंतर पिलांना खाद्य शोधायला व घारीपासून लपायला शिकवते, त्यामुळे वीज आणि उबवणी यंत्र नसलेल्या घरातही कळप पुन्हा उभा राहतो. याउलट, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या व्यापारी लेगहॉर्न कोंबडीत हा गुण निवडीद्वारे मुद्दाम काढून टाकला गेला आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी घालणे थांबवते. अंड्यांच्या संख्येत गावरान मागे पडण्याचे हेही एक कारण आहे. तिचे मोजमाप फक्त अंड्यांच्या संख्येने केले, तर तिच्या निम्म्या कामाची दखलच घेतली जात नाही.

या वंशावर आज तीन दिशांनी दाब येतो. पहिला दाब मानमोडीचा: विषाणूमुळे होणारा हा रोग राणीखेत या नावानेही ओळखला जातो आणि लस न दिलेल्या अंगणातील जवळजवळ सर्व कोंबड्या तो काही दिवसांत नेतो. दुसरा दाब साथीच्या प्रतिबंधक कत्तलीचा: फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर परिसरात देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा व्यापारी शेडमधील पक्ष्यांबरोबर अंगणातील कोंबड्याही मारल्या गेल्या, आणि नवापूर तालुका बुसरा जातीच्या नंदुरबार जिल्ह्यातलाच आहे. तिसरा दाब सुधारित संकरित नरांचा, म्हणजे हैदराबाद येथे विकसित झालेला वनराज किंवा बंगळूरचा गिरिराज यांसारख्या वाणांचा. हे पक्षी जास्त वजन आणि अंडी देतात, पण त्यांच्यात खुडूक वृत्ती फारशी राहिलेली नाही, आणि त्यांचे नर गावात मोकळे फिरू लागले की दोन-चार पिढ्यांत स्थानिक गुण विरून जातात.

दुर्मिळ पक्षी जपणे म्हणजे केवळ संख्या वाढवणे नव्हे, कारण निकटच्या नात्यातील समागमाने प्रत्येक पिढीत आनुवंशिक विविधता घटत जाते. पाच नर आणि पन्नास माद्या असलेल्या कळपाची प्रभावी संख्या, म्हणजे वंशसातत्याच्या हिशेबात खऱ्या अर्थाने धरली जाणारी संख्या, फक्त सुमारे १८ भरते. त्याच पंचावन्न पक्ष्यांत वीस नर आणि पस्तीस माद्या ठेवल्या तर ती सुमारे ५१ होते. पन्नासच्या आसपासची प्रभावी संख्या ही किमान मर्यादा मानली जाते, त्यामुळे एकाच देखण्या कोंबड्यावर भर देणारा पालक नकळत आपल्याच जातीचे नुकसान करतो. यावरचा साधा उपाय म्हणजे कळपाचे गट पाडून प्रत्येक पिढीत नर पुढच्या गटात सरकवणे.

गोठवलेल्या साठ्यावर येथे फार विसंबता येत नाही. पिवळ्या बलकामुळे कोंबडीचे अंडे गोठवून साठवता येत नाही, आणि मादीकडूनच मुलीला मिळणारे डब्ल्यू गुणसूत्र गोठवलेल्या वीर्यातून परत येत नाही, म्हणून जिवंत कळप हाच मुख्य कोश ठरतो. तो कोणाच्या हाती ठेवावा, याचे उत्तर अंथ्रा या संस्थेने आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरीच्या आदिवासी गावांत शोधले. असील कोंबडी ज्या कुटुंबाकडे नाही त्याला ती वाट्याने द्यायची आणि मिळणाऱ्या पिलांतून देणाऱ्याचा हिस्सा परत करायचा, या जुन्या प्रथेचा संस्थेने आधार घेतला. पैसा नसलेल्या घरालाही पक्षी मिळतो, आणि एकच कळप अनेक अंगणांत विखुरल्यामुळे एका साथीत सगळा नष्ट होत नाही.

याउलट, कडकनाथाच्या बाबतीत २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे उघडकीस आलेल्या कंत्राटी पालन योजनेत हजारो शेतकऱ्यांची गुंतवणूक अडकली; मागणी आणि दर यांची अवास्तव हमी देऊन दुर्मिळ जातीला झटपट कमाईचे साधन बनवणे किती घातक असते, हे त्यातून दिसले.

म्हणूनच यवतमाळच्या पोडांमध्ये पहिले काम नोंदीचे आहे: पिसांचे रंग, तुरे, नर-मादीचे वजन, अंड्यांची संख्या आणि खुडूक राहण्याचे दिवस यांचे मोजमाप. दुसरे काम स्त्रियांनाच लसीकरणाचे प्रशिक्षण देण्याचे, कारण मानमोडीची लस वेळेवर मिळणे हे नवीन वाण वाटण्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक आहे. आणि तिसरे, संकरित नर वाटण्याऐवजी पोडापोडांत गावरान नरांची अदलाबदल घडवण्याचे. कोंबडीचा वंश ज्यांनी कागदाविना आजवर राखला, त्यांच्याच हाती हे काम सोपवले तर तो टिकण्याची शक्यता सर्वाधिक आहे.