लष्करी इतिहासाचे ऑनलाइन वाचनमंडळ : एक लढाई, चार पुस्तके आणि थोडे नियम

लष्करी इतिहासाचा वाचक बहुधा एकटा असतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथील मराठी घरांतील कपाटांत पानिपतावरील, बासष्टच्या युद्धावरील किंवा कारगिलवरील पुस्तके असतात. परंतु ती वाचून त्यांवर बोलणारा दुसरा वाचक त्याच गावात मिळेलच, याची शाश्वती नसते. दूरदूरच्या अशा वाचकांना एकत्र आणण्यासाठी ऑनलाइन वाचनमंडळ हा सोयीचा मार्ग आहे. मात्र या विषयावरील गट लवकरच रणगाड्यांची छायाचित्रे, जयंती-पुण्यतिथीचे संदेश आणि अंगावर रोमांच आणणारे परिच्छेद यांनी भरून जातात, आणि पुस्तक बाजूला राहते. तसे होऊ नये असे वाटत असेल, तर काही निर्णय मंडळाची घोषणा करण्यापूर्वीच घ्यावे लागतात.

पहिला निर्णय व्याप्तीचा. ‘लष्करी इतिहास’ हा विषय एखाद्या मंडळाला पेलणारा नाही. असईची लढाई, दुसऱ्या महायुद्धातील कोहिमा आणि १९७१ चे युद्ध एकाच वर्षात वाचू पाहणाऱ्या सदस्यांना तिन्हींपैकी एकही नीट कळत नाही. त्यापेक्षा एकच मोहीम घ्यावी आणि तिच्याविषयी निरनिराळ्या व्यक्तींनी लिहिलेली पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. या दृष्टीने भारतीय वाचकाला १९६२ मधील नामका चू येथील लढाईसारखे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल.

तवांगच्या पश्चिमेस, थागला डोंगररांगेच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नामका चू या छोट्या नदीच्या काठावर ७ इन्फन्ट्री ब्रिगेड तैनात होती. जवानांपाशी पर्वतीय थंडीला पुरेसे कपडे नव्हते. रसद त्सांगधर येथे विमानातून टाकली जाई आणि तिच्यातील बरीचशी दऱ्यांत जाई. २० ऑक्टोबर १९६२ रोजी पहाटे चिनी सैन्याने हल्ला केला आणि ब्रिगेड काही तासांत विस्कटली. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडिअर जॉन दळवी २२ ऑक्टोबरला चिनी सैन्याच्या हाती पडले व मे १९६३ पर्यंत युद्धकैदी होते. त्यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले.

वाचनमंडळाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, याच घटनेवर दळवींच्या वरच्या अधिकाऱ्यांनीही पुस्तके लिहिली आहेत. दळवी ज्या ४ इन्फन्ट्री डिव्हिजनखाली होते, तिचे प्रमुख मेजर जनरल निरंजन प्रसाद यांचे ‘द फॉल ऑफ तवांग’ १९८१ मध्ये आले. त्यांच्याही वर ४ कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल होते, त्यांचे ‘द अनटोल्ड स्टोरी’ १९६७ चे, म्हणजे दळवींच्या आधीचे. आणि दिल्लीत सेना मुख्यालयात लष्करी कारवाया संचालक असलेले डी. के. पालित यांनी १९९१ मध्ये ‘वॉर इन हाय हिमालय’ लिहिले. ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि मुख्यालय अशा चार पायऱ्यांवरून एकच लढाई दिसते, आणि चौघांना ती सारखी दिसत नाही.

अशा वेळी मंडळाने करायचे काम सोपे, पण कष्टाचे आहे. एका सामायिक तक्त्यात तारखांचा उभा रकाना घ्यावा आणि प्रत्येक लेखकासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा. ८ सप्टेंबरला ढोला चौकीजवळ चिनी सैनिक दिसल्यापासून २० ऑक्टोबरपर्यंत कोणता आदेश कोणी दिला, तो खाली कधी पोहोचला, त्यावर कोणी हरकत घेतली, हे पृष्ठक्रमांकासह नोंदवत जावे. १० ऑक्टोबरची त्सेंगजोंग येथील चकमक आणि त्यानंतर ब्रिगेडला नदीकाठीच ठेवण्याचा निर्णय, या दोन नोंदींपाशी चर्चा बराच काळ रेंगाळेल. तशी ती रेंगाळावीच. १८ ऑक्टोबरला कौल आजारी पडून दिल्लीला परतले, ही बाबही तक्त्यात आली पाहिजे. ज्या ओळीत रकाने जुळत नाहीत, ती ओळ म्हणजे त्या आठवड्याच्या बैठकीचा विषय.

हे करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ही चारही पुस्तके घटनेनंतर, पराभवाचे खापर कोणाच्या तरी माथी फुटल्यावर लिहिली गेली. प्रत्येक लेखकाला स्वतःची बाजू मांडायची होती. पालितांचे पुस्तक तर जवळजवळ तीन दशकांनंतरचे आहे. म्हणून ‘कोण खरे बोलतो’ या प्रश्नाऐवजी ‘त्या दिवशी या अधिकाऱ्याला काय ठाऊक असणे शक्य होते’ हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. नकाशा समोर नसेल तर या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. उपग्रह नकाशावर दोन ठिकाणांमधील अंतर बोटभर दिसते, पण तेथे ते अंतर पायी आणि चढणीचे होते. नकाशाची जबाबदारी एका सदस्याकडे कायमची सोपवलेली बरी.

मूळ कागदपत्रांची अवस्था सदस्यांना आरंभीच सांगितली पाहिजे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडिअर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९६३ मध्ये सादर केलेला चौकशी अहवाल सरकारने अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. ‘इंडियाज चायना वॉर’ या १९७० मधील पुस्तकाचे लेखक, पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा मोठा भाग २०१४ मध्ये इंटरनेटवर खुला केला. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धांच्या इतिहासलेखनाविषयी आणि अभिलेख खुले करण्याविषयी धोरण जाहीर केले. त्यानुसार नोंदी सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात, युद्ध संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमली जावी आणि पुढील तीन वर्षांत इतिहासाचे संकलन पूर्ण व्हावे, अशी अपेक्षा आहे. बासष्टच्या युद्धाला साठ वर्षे उलटून गेली आहेत. तरीही वाचकाला मुख्यतः आठवणींवरच विसंबावे लागते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोध घेण्याची सवय मात्र मंडळाने लावून घ्यावी.

ज्या मंडळात मराठी व मोडी साधनांविषयी कुतूहल असलेले सदस्य अधिक असतील, त्यांनी हीच पद्धत १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताला लावावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात या मोहिमेच्या काळातील पत्रे आहेत. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाने समोरच्या छावणीतून पाहिलेले युद्ध फारसीत लिहून ठेवले आहे. त्र्यं. शं. शेजवलकर यांचा १९४६ मधील प्रबंध आणि यदुनाथ सरकार यांच्या ‘फॉल ऑफ द मुघल एम्पायर’चा दुसरा खंड ही पुढची पायरी. कुंजपुरा जिंकल्यानंतर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठी फौजेचा दिल्लीशी संबंध तुटला. तेथून पुढचे अडीच महिने धान्य, वैरण आणि पैसा यांच्या हिशेबाने वाचले, तर लढाईचा दिवस बराचसा आधीच ठरत गेलेला दिसतो.

यातील काही पुस्तके विनामूल्य आणि कायदेशीरपणे वाचता येतात. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. यदुनाथ सरकार १९५८ मध्ये निवर्तले, रियासतकार गो. स. सरदेसाई १९५९ मध्ये. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले लेखन आता मुक्त आहे. दळवी, कौल, पालित यांची पुस्तके तशी नाहीत. त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती गटात फिरवणे हा कायद्याचा भंग आहे. विद्यापीठाचे किंवा शहरातील मोठे ग्रंथालय, जुन्या पुस्तकांचे विक्रेते आणि सदस्यांमध्ये टपालाने फिरणारी एखादी प्रत, यांवर काम भागू शकते.

बैठकीच्या साधनांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. आठ ते बारा सदस्य, आठवड्याला साठेक पाने, पंधरा दिवसांनी एक बैठक. गूगल मीटच्या विनाशुल्क सेवेत तिघांहून अधिकांची बैठक तासाभराने थांबते. ती मर्यादा अडचण न मानता शिस्त मानावी. सूत्रसंचालक प्रत्येक वेळी बदलावा, टिपणकार मात्र बदलू नये.

मंडळ कोठे भरवायचे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा नाजूक आहे. भारतीय सेनेने २०२० मध्ये आपल्या अधिकारी-जवानांना फेसबुकसह ८९ अ‍ॅप फोनवरून काढून टाकण्यास सांगितले होते. केवळ समाजमाध्यमावर चालणारे मंडळ अशा निर्बंधांमुळे सेवेतील वाचकांना आपोआप वगळू शकते. सेवेतील सदस्य असतील तर त्यांच्या नियमांची खातरजमा त्यांनीच करावी आणि इतरांनी त्यांना आजच्या तैनातीविषयी, शस्त्रांविषयी एकही प्रश्न विचारू नये. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. निवृत्त सैनिकांचे अनुभव मोलाचे असतात, पण तेही तक्त्यातील एक रकाना म्हणूनच घ्यावेत. हुद्द्यामुळे चर्चा संपता कामा नये.

याहून कठीण प्रसंग वेगळाच असतो. नामका चूवर पंजाब, राजपूत, गोरखा आणि ग्रेनेडिअर्स पलटणींचे जवान मारले गेले. त्यांची मुले-नातवंडे आज वाचण्याच्या वयाची आहेत आणि त्यांपैकी कोणी बैठकीच्या पडद्यावर असू शकते. ‘चुकीची तैनाती’ हे शब्द इतरांसाठी विश्लेषण असतात, त्या घरासाठी नसतात. म्हणून पलटणीच्या धैर्याविषयी आणि सेनापतीच्या निर्णयाविषयी बोलताना दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा नियम पहिल्याच बैठकीत सांगावा. पराभवाची चिकित्सा टाळणे हा त्यावरील उपाय नव्हे. चिकित्सा झाली नाही, तर त्या जवानांना तेथे का ठेवले होते, हा त्या कुटुंबांचाच प्रश्न अनुत्तरित राहतो.

चारही पुस्तके संपण्यास सहा-सात महिने लागतील. शेवटची बैठक यशवंतराव चव्हाण यांच्या निवेदनासाठी राखून ठेवावी. नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झालेल्या चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी चौकशीचे सार लोकसभेपुढे मांडले होते. लोकसभेची जुनी कार्यवृत्ते संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात पाहता येतात. तोपर्यंत भरत आलेल्या तक्त्यात या निवेदनासाठी पाचवा रकाना काढावा लागेल.